प्रस्ताव वाचणारा आधी कुठलं पान उघडतो

एखाद्या संस्थेचा निधी मागणारा प्रस्ताव हातात आला की मी तो मागून उघडायचे. मागे बजेट असतं. पुढच्या बारा-पंधरा पानांत संस्थेने काय करायचं ठरवलंय ते असतं, आणि त्या ठरवण्याला हातपाय आहेत का ते बजेटमध्ये दिसतं. सहा वर्षं मी एका छोट्या संस्थेसाठी प्रस्ताव लिहिले आणि नंतर नऊ वर्षं संस्थांना अनुदान देणाऱ्या एका फाउंडेशनमध्ये बसून वाचले. निधी उभारणीच्या कामात नव्याने आलेल्यांना मला जे सांगायचंय, त्यातलं निम्मं या एका सवयीत आहे.

एक प्रस्ताव अजून डोळ्यांसमोर आहे. मुलांसाठी वाचनकेंद्रं चालवणारी संस्था. केंद्रं तीन, मुलं २४०, कार्यकर्त्या तिघी. ठळक अक्षरांत लिहिलेलं, ‘दर महिन्याला प्रत्येक मुलाच्या घरी भेट हा आमच्या कामाचा प्राण आहे.’ मागे पाहिलं तर प्रवासखर्च शून्य. मी पेन्सिलीने समासात हिशोब मांडला. एकीच्या वाट्याला ८० घरं, महिन्याचे कामाचे दिवस फार तर पंचवीस, म्हणजे रोज तीन-चार घरं. त्यावर केंद्र उघडायचं, पुस्तकं बदलून द्यायची, नोंदी ठेवायच्या. हे होण्यासारखं नव्हतं. फोन केला. पलीकडच्या ताई क्षणभर गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “खरं सांगू का मॅडम? जे मूल आठवडाभर येत नाही, त्याच्याच घरी जातो आम्ही. महिन्याला पंधरा-वीस घरं होतात. जवळच आहेत, चालत जातो.” मी म्हटलं, मग तेच लिहा ना. न येणाऱ्या मुलाला आठवड्याभरात गाठणं ही फार मोठी गोष्ट आहे. त्यांनी दोन पानं नव्याने लिहिली आणि तो प्रस्ताव मंजूर झाला.

म्हणून पहिली विनंती. प्रस्ताव पाठवण्याआधी मजकुरातल्या प्रत्येक कामाला बजेटमधली ओळ शोधा आणि बजेटमधल्या प्रत्येक ओळीला मजकुरातलं काम. जिथे जोडी लागत नाही, तिथेच वाचणारा अडतो.

त्याच्याही आधीची चाळणी अगदी साधी आहे. फाउंडेशन कोणत्या विषयावर, कोणत्या भागात, केवढ्या संस्थांना पैसे देतं, हे त्यांनी लिहून ठेवलेलं असतं. आरोग्यावर काम करणाऱ्या फाउंडेशनकडे वाचनाचा प्रकल्प ‘मानसिक आरोग्य’ म्हणून वळवून पाठवू नका. नोंदणी, मागच्या तीन वर्षांचं ऑडिट, विश्वस्तांची यादी ही कागदपत्रं तयार ठेवा. ती असण्याने कोणी निवडलं जात नाही, पण नसली तर अर्ज तिथेच थांबतो.

विश्वस्त मंडळाविषयी मात्र थोडं थांबून सांगते, कारण नवीन माणसं याकडे औपचारिकता म्हणून पाहतात. संस्थापक अध्यक्ष, पत्नी खजिनदार, भाचा सचिव अशी यादी आली की मला प्रश्न पडायचा, संस्थापकाला ‘हे चुकतंय’ असं म्हणणारं तिथे कोण आहे? घरच्या माणसांनी उभ्या केलेल्या संस्था वाईट असतात असं मुळीच नाही. कित्येक चांगल्या संस्था तशाच सुरू झाल्या. पण सह्यांचे अधिकार कोणाकडे, मंडळ वर्षातून किती वेळा भेटतं, संस्थापक उद्या आजारी पडला तर पगार कोण काढणार, याची उत्तरं हवीत. मंडळात त्या वस्तीतली, त्या कामाचा थेट उपयोग होणारी व्यक्ती आहे का, हेही मी पाहायचे. तिला तिथे बोलता येतं का, हे कागदावर दिसत नाही. त्यासाठी फील्ड व्हिजिट, म्हणजे कामाच्या जागी प्रत्यक्ष भेट.

व्हिजिटला मी पुढे मांडलेल्या खुर्चीवर शक्यतो बसायचे नाही. एका ठिकाणी संचालकांचं सादरीकरण चालू असताना मागच्या रांगेतली एक बाई मध्येच म्हणाली, “पण हे शिबिर सकाळी का घेता? सकाळी आम्ही कामावर असतो.” संचालकांनी प्रोजेक्टर बंद केला, वही काढली आणि विचारलं, “मग किती वाजता?” पुढची वीस मिनिटं सादरीकरण राहून गेलं आणि वेळेचीच चर्चा झाली. परतल्यावर माझ्या टिपणात त्या सादरीकरणाबद्दल एक ओळही नव्हती. त्या वीस मिनिटांबद्दल पानभर होतं.

आता परिणामांबद्दल. किती शिबिरं घेतली, किती पुस्तकं वाटली हे आउटपुट. त्यामुळे लोकांच्या आयुष्यात काय बदललं हे आउटकम. फाउंडेशनला दुसरं हवं असतं आणि संस्था पहिलं मोजतात, ही जुनी कुरकुर आहे. लॉगफ्रेम नावाचा जो तक्ता भरताना नवीन माणसं रडकुंडीला येतात, तो १९६९ च्या सुमारास अमेरिकी सरकारच्या यूएसएड या मदत संस्थेसाठी तयार झाला. काय केलं, त्याने काय घडलं आणि ते कशावरून म्हणता, हे वेगवेगळ्या रकान्यांत मांडायला लावणं हाच त्याचा उद्देश. छोट्या संस्थेने बदल मोजायचे वीस निर्देशक लिहू नयेत. तुम्ही स्वतः रोज जे पाहून निर्णय घेता, असे दोन-तीनच घ्या. ‘सलग तीन महिने येणारी मुलं’ हा आकडा हजेरीपटातून निघतो. ‘समाजात वाचनसंस्कृती रुजेल’ कशातून मोजणार? आणि आजचा आकडा, म्हणजे बेसलाइन, जरूर द्या. ती नसेल तर बदल दाखवणार कुठून?

प्रशासकीय खर्चाबद्दल मला मनापासून तळमळ वाटते. भाडं, हिशोबनीसाचा पगार, ऑडिटची फी, संगणक हे सगळं संस्था लपवतात, कारण ‘ओव्हरहेड (म्हणजे हाच खर्च) कमी’ म्हणजे ‘संस्था प्रामाणिक’ असा समज अनेक देणगीदारांनीच पसरवला. मीही लिहिणाऱ्यांत असताना हिशोबनीसाला ‘प्रशिक्षक’ दाखवलं होतं. प्रस्ताव नाकारला गेला आणि ते योग्यच झालं. २००९ मध्ये या दुष्टचक्राला ‘नॉनप्रॉफिट स्टार्व्हेशन सायकल’ असं नाव मिळालं. देणगीदार अवास्तव अपेक्षा ठेवतात, संस्था खर्च कमी दाखवतात, त्यामुळे अपेक्षा आणखी अवास्तव होतात आणि संस्था उपाशी राहते. २०१३ मध्ये संस्थांची माहिती आणि गुणांकन देणाऱ्या तीन मोठ्या अमेरिकी संघटनांनी उघड पत्र लिहून देणगीदारांना सांगितलं, की केवळ ओव्हरहेडच्या टक्क्यावर संस्थेची पारख करू नका. २०१५ मध्ये फोर्ड फाउंडेशनने प्रकल्पांसाठीच्या अनुदानात या खर्चाचं प्रमाण १० वरून २० टक्क्यांवर नेलं. सगळेच बदललेत असं नाही. तरीही खरा खर्च काढा, तो कशासाठी आहे ते दोन वाक्यांत लिहा आणि मागा. कोणी नाहीच म्हटलं तर निदान कुठे तूट येणार ते तुम्हाला आधी कळेल.

‘आमचे पैसे संपल्यावर काय?’ हा प्रश्न प्रत्येक मुलाखतीत येतो. त्यावर ‘आम्ही स्वावलंबी होऊ’ हे उत्तर चालत नाही. आज कोणाकडून किती टक्के निधी येतो, एकाच देणगीदारावर किती भार आहे, हातात किती महिन्यांचा राखीव निधी आहे आणि पैसे आटले तर कोणतं काम शेवटपर्यंत चालू ठेवाल, हे सांगा.

नकार येणारच, आणि त्याचं गणित माहीत असावं. २०२३ मध्ये मॅकेंझी स्कॉट या अमेरिकेतल्या मोठ्या देणगीदार बाईंनी समाजाच्या पुढाकाराने चालणाऱ्या अमेरिकी संस्थांसाठी खुले अर्ज मागवले. सहा हजारांहून अधिक अर्ज आले. २५० संस्था निवडायचं ठरलं होतं, पुढच्या वर्षी ३६१ संस्थांना मिळून ६४ कोटी डॉलर दिले गेले. ठरवल्यापेक्षा इतकं जास्त देऊनही शंभरांत सहाच संस्था. त्यातली लक्षात ठेवण्यासारखी बाब अशी, की पहिल्या फेरीत अर्जांना गुण दिले ते इतर अर्जदार संस्थांनी. म्हणजे तुमचा विषय माहीत नसलेल्या माणसालाही तुमचं काम समजलं पाहिजे. नकारानंतर आठवड्याभरात एक छोटी मेल पाठवा: कुठे कमी पडलो, पुढच्या वर्षी अर्ज केला तर चालेल का? फार कमी संस्था विचारतात. मला विचारणाऱ्यांना मी नेहमी उत्तर दिलं.

मंजुरीनंतरचा अहवाल हाही पुढचाच प्रस्ताव असतो. त्या वाचनकेंद्रवाल्या संस्थेचा दुसऱ्या वर्षीचा अहवाल असा सुरू झाला, ‘एक केंद्र आम्ही बंद केलं. जागा निवडताना मुलींच्या आयांना विचारलं नव्हतं. रस्ता अंधाराचा होता, मुली यायच्या थांबल्या. आता आयांनी सुचवलेल्या जागेत नवीन केंद्र उघडतोय.’ आमच्या बैठकीत एका विश्वस्तांनी विचारलं, “मग आपले पैसे वाया गेले का?” मी हजेरीचा तक्ता पुढे ठेवला. मुली कोणत्या महिन्यात गळल्या आणि संस्थेने त्यांच्या घरी जाऊन किती दिवसांत कारण शोधलं, हे त्यात तारखांसकट होतं. अनुदान चालू राहिलं.

तिसऱ्या वर्षीच्या बजेटमध्ये पहिल्यांदाच प्रवासखर्चाची ओळ आली. नवीन जागा लांब होती, चालत जाण्यासारखी नव्हती. मी पेन्सिल घेऊन समासात भेटी, दिवस आणि भाडं मांडून पाहिलं. हिशोब जुळला.