घरचा पाण्याचा बंब: निवडायचा, बसवायचा, पेटवायचा आणि टिकवायचा कसा

नागपूरचा उन्हाळा सगळ्यांना ठाऊक असतो, इथली थंडी मात्र बाहेरच्यांना खरी वाटत नाही. २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांवर उतरला होता. एरवीही डिसेंबर-जानेवारीत तो दहाच्या खाली जाणं काही नवलाचं नाही. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी अशा वेळी हात लावू देत नाही, आणि ज्यांच्या घराला अंगण आहे ते माळ्यावरचा, लाकडावर पाणी तापवायचा बंब खाली उतरवतात.

बंब परवडतो का, ते आधी पाहू. वीस लिटर पाणी १५ अंशांवरून ६५ पर्यंत न्यायला हजार किलोकॅलरी लागतात, म्हणजे विजेच्या हिशेबाने जेमतेम १.१६ युनिट. वाळलेलं लाकूड किलोमागे साधारण साडेतीन हजार किलोकॅलरी देतं. त्यातली एक तृतीयांश पाण्यात उतरली असं धरलं तरी एका बंबाला किलोभर सरपण लागलंच. ते विकत आणणार असाल तर गीझर बरा. शेतावरची पऱ्हाटी-तुराटी (कपाशीच्या नि तुरीच्या वाळक्या काड्या), घरच्या झाडांची छाटणी किंवा ओळखीच्या आरागिरणीतल्या चिपा फुकटात मिळत असतील तरच बंबाच्या नादी लागा. आणि फ्लॅटमध्ये राहत असाल तर हा लेख इथेच सोडून द्या. बंद बाल्कनीत बंब पेटवायचा नसतो.

बंबाची रचना सोपी आहे. बाहेर पाण्याचं पिंप, त्याच्या मधोमध वरपासून खालपर्यंत उभी नळी, नळीच्या तळाशी जाळी आणि जाळीखाली राख पडायची जागा. जाळ नळीत, पाणी तिच्याभोवती. चुलीवरच्या हंड्याला फक्त बुडाशी आंच लागते. इथे जाळाच्या चारी बाजूंना पाणीच असतं, म्हणून कमी लाकडात काम होतं. बंब दोन तऱ्हेचे मिळतात. एकात वरून पाणी भरायचं आणि तोटीतून काढायचं. दुसऱ्यात नरसाळ्यातून ओतलेलं गार पाणी थेट तळाशी जातं आणि तेवढंच गरम पाणी वरच्या तोंडातून बाहेर पडतं. दुसरा प्रकार जास्त निर्धोक, कारण त्यातली पाण्याची पातळी खाली जातच नाही. घरात लहान-मोठे पाच जण आंघोळीला असतील तर मी डोळे मिटून तोच घेईन.

जुना बंब घेताना

इतवारीतल्या भांड्यांच्या दुकानांत नवा बंब मिळतो, पण बहुतेकांकडे आजीच्या वेळचा तांब्याचा पडलेला असतो. तो चालवायचा तर आधी तपासा. कोरड्या फरशीवर वर्तमानपत्र पसरा, बंब त्यावर ठेवून काठोकाठ भरा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी कागद कुठे ओला झालाय ते पाहा. मग पाणी काढून मोबाइलचा टॉर्च नळीत वरून सोडा. आतून काळी असली तर हरकत नाही, ती काजळी आहे. काळ्यावर हिरवट-निळी रेघ ओघळलेली दिसली तर मात्र तिथे पाणी झिरपतंय. बाहेरची गळती कोणालाही दिसते. नळीतली गळती जाळ विझवते आणि माणूस लाकडाला शिव्या देत बसतो.

सांधे डाखेचे, म्हणजे वितळवलेल्या धातूने जोडलेले असतात. तांबं वितळायला १०८५ अंश लागतात, तर शिसं-कथलाची डाख १८३ अंशांच्या आसपासच पातळ व्हायला लागते. मग रोजच्या जाळात ती टिकते कशी? पाठीमागे पाणी असतं म्हणून. पाणी उकळलं तरी शंभराच्या वर जात नाही आणि डाखेलाही जाऊ देत नाही. रिकाम्या बंबात जाळ केला की काही मिनिटांत सांधा सुटतो. म्हणून डाख लावणारे जुने कारागीर गिऱ्हाइकाला एकच गोष्ट बजावतात, "पहिले पाणी, मंग आग, भाऊ." डाखेत शिसं असू शकतं, तेव्हा हे पाणी अंगावर घ्या, चहाला किंवा स्वयंपाकाला वापरू नका.

जागा आणि बैठक

जागा उघड्यावरची हवी: अंगण, परसदार किंवा न्हाणीबाहेरची पडवी. वर पत्रा असेल तर नळीच्या तोंडापासून तो चांगला उंच असावा. थंडीत आपल्याकडे वारा बहुधा उत्तरेकडून येतो. राखेचं तोंड त्याच्या समोर ठेवलंत तर जाळ भडकून सरपण दुप्पट खाईल, म्हणून ते आडव्या बाजूला वळवा. शहाबादी फरशीवर बंब थेट ठेवू नका, आंचेने फरशी तडकते. खाली विटांचा थर द्या. तोटीखाली तुमच्या घरची बादली सरळ उभी राहिली पाहिजे, त्यामुळे विटा रचण्याआधी बादली मोजा. बैठक समतल आहे की नाही हे भरलेल्या बंबातल्या पाण्याकडे पाहून कळतं. सरपणाचा ढीग निदान चार-पाच फूट लांब असू द्या.

न्हाणीच्या आत, दार लावून बंब किंवा निखाऱ्यांची शेगडी कधीच नको. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. डोकं जड होणं, मळमळ, चक्कर एवढीच त्याची सूचना असते आणि तीही पुष्कळदा उशिरा मिळते. धूर दिसत नाही म्हणून धोका नाही, असं समजू नका.

आणखी एक. हल्ली काही जण प्लंबरला बोलावून बंब थेट टाकीच्या लाइनला जोडून घेतात, दोन्हीकडे कॉक लावून. असं करू नका. एक लिटर पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे लिटरहून जास्त जागा मागते, आणि दोन्ही कॉक बंद असले तर तिला बाहेर पडायला वाटच नसते. बंबाचं झाकण सैलच हवं. त्यावर वीट नको, कापड ठोसू नका, वाफेला वाट मोकळी ठेवा.

पेटवणं

पाणी भरा, तोटी उघडून धार येते का पाहा, मगच काडेपेटी हातात घ्या. जाळीवर कागदाचा सैल बोळा टाका, त्यावर पऱ्हाटीच्या बोटभर काड्या. आंबिया बहाराची संत्री याच दिवसांत बाजारात असतात. त्यांची साल कडक वाळवून ठेवली असेल तर दोन-चार टाका. सालीतल्या तेलामुळे ती चुरचुरत पेट घेते आणि रॉकेलची गरज पडत नाही. रॉकेल-पेट्रोल वरून ओतायचा विचारही नको, नळीतून भडका सरळ तोंडावर येतो. जाळ खालून, राखेच्या तोंडातून लावा. काड्या तडतडू लागल्या की वरून चिपा सोडा, एका वेळी दोन-तीनच. नळी गच्च भरली की हवा अडते आणि अंगणभर धूर होतो. सुरुवातीचा पांढरा धूर दोन-चार मिनिटांत विरळ झाला पाहिजे. होत नसेल तर लाकूड ओलं आहे किंवा जाळी राखेने बुजली आहे.

पऱ्हाटी नि तुराटी भसकन पेटते आणि तशीच विझते, ती फक्त सुरुवातीला. पुढे बाभळीचे तुकडे घाला, त्यांचा निखारा टिकतो. गोवरी धुमसते, शेजारी कपडे वाळत घालणारे असतील तर टाळा. लाकूड वाळलं की नाही हे पाहायला दोन तुकडे एकमेकांवर आपटा: खणखणीत आवाज आला तर वाळलेलं, बद्द आला तर अजून ओल आहे. लकडगंजच्या आरागिरण्यांतून चिपा आणल्या तर निवडून घ्या. प्लायवूड, सनमायका, रंग लावलेलं लाकूड बाजूला काढा, त्यांचा धूर विषारी असतो. प्लास्टिकही त्यात आलंच.

बादलीत आधी गार पाणी, मग बंबाचं. साठ अंशांचं पाणी मोठ्या माणसालाही पाच-सहा सेकंदांत भाजतं, पोरांची कातडी तर त्याहून नाजूक. तोटीच्या बंबातून काढलंत तेवढं पाणी लगेच वरून भरा, निदान जाळ आहे तोवर. आंघोळी आटोपल्या की निखाऱ्यांवर पाणी मारू नका. तापलेल्या नळीला गार झटका बसला की सांधा आधी जातो. आत पाणी राहू द्या आणि जाळ आपोआप विझू द्या.

निगा

राख दुसऱ्या दिवशी सकाळी काढा, आणि तरीही पत्र्याच्या डब्यातच; वरून गार दिसणाऱ्या राखेत निखारा तासन् तास जिवंत असतो. राखेने भांडी घासा. झाडांना घालायची असेल तर चिमूटभरच, ती क्षारयुक्त असते.

आठवड्यातून एकदा नळी घासा. काठीच्या टोकाला नारळाचा काथ्या घट्ट बांधला की ब्रश तयार. काजळीचा थर आंच अडवतो, आणि ओल्या लाकडाने तर आत डांबरासारखा चिकट थर बसतो, तो पुढे पेटही घेऊ शकतो.

बोअरचं पाणी वापरणाऱ्यांच्या बंबात खार बसतो. रोजच्याइतक्याच लाकडात पाणी उशिरा तापायला लागलं आणि आतून खडखड आवाज आला की समजा. लिंबूसत्व (सायट्रिक ॲसिड), लिटरमागे पन्नासेक ग्रॅम, कोमट पाण्यात विरघळवून दोन-तीन तास ठेवा, मग दोनदा खळबळून टाका. या वेळी खाली जाळ नको, आणि फरशी धुवायचं ॲसिड तर मुळीच नको, ते तांबं आणि डाख दोन्ही खातं. बाहेरून चिंच-मीठ पुरे.

होळीपर्यंत बंबाचं काम संपतं. तोटी उघडून पाणी काढा, झाकण काढून दोन दिवस उन्हात ठेवा. गळकी तोटी याच वेळी बदलून घ्या. डिसेंबरात कारागिराकडे रांग असते. मग जाळी वेगळी करून बंब उपडा घालून ठेवा, आणि उरलेलं सरपण मृगाआधी पत्र्याखाली घ्या.