झेनमध्ये एस्टीमचं इंजिन? रेडिएटर घेताना या चुका टाळा

जुन्या मारुती झेनमध्ये एस्टीमचं 1298 सीसीचं इंजिन बसवण्याचा नाद आपल्याकडे काही नवा नाही. इंजिन बसतं, गाडी सुसाट पळते, आणि पहिल्याच उन्हाळ्यात तापमानाचा काटा वर चढायला लागतो. मग दुकानात जाऊन मागणी एकच: सगळ्यात जाड जाळीचा रेडिएटर द्या. (आरसीवर इंजिनबदलाची नोंद झालीये ना? आरटीओच्या मंजुरीशिवाय हे सगळंच बेकायदा आहे.)

आधी गाडी कधी तापते ते बघा. सिग्नलला उभी असताना काटा चढतो आणि मोकळा रस्ता लागला की उतरतो, तर रेडिएटर बहुतेक निर्दोष आहे, हवा कमी पडतेय. खंबाटकीसारखा घाट चढताना किंवा हायवेला सलग वेगात तापत असेल, तर मात्र जाळी अपुरी आहे, चोंदली आहे किंवा पाणी नीट फिरत नाहीये. झेनचं 993 सीसीचं मूळ इंजिन 50 बीएचपीचं, एस्टीमचं एमपीएफआय (म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल सोडणारं) 85 च्या आसपास. इंजिन जेवढी ताकद देतं, ढोबळमानाने तेवढीच उष्णता कूलंटमध्ये (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यात) सोडतं. म्हणून घाटात फरक जाणवणारच. ट्रॅफिकमध्ये दोन्ही इंजिनं नुसती फुरफुरत असतात, तिथे 85 बीएचपीचा काही संबंध नाही.

जाड जाळीची गोम अशी की तिच्यातून हवा ओढायला पंख्याला जास्त जोर लागतो. पंखा जुनाच ठेवला तर सिग्नलला गाडी पूर्वीपेक्षाही जास्त तापू शकते. लांबी-रुंदी वाढवता येत असेल तर ती आधी वाढवा, जाडी नंतर. माप घेताना एसीचा कंडेन्सर (रेडिएटरपुढची एसीची जाळी) जागेवर हवा. पंख्याची मोटर आणि इंजिन यांच्यात दोन बोटं तरी जागा राहू द्या, कारण रेस दिल्यावर इंजिन माउंटिंगवर हलतं.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे जागा होत नाही म्हणून श्राउड, म्हणजे पंख्याभोवतीचं आवरण, काढून टाकणं आणि पंखा केबल टायने थेट जाळीला बांधणं. श्राउड नसेल तर पंखा त्याच्या गोलापुरतीच हवा ओढतो, कोपरे फुकट जातात. शिवाय टाय घासून घासून जाळीतली नळी गळायला लागते ती वेगळीच. वायरी उलट जोडल्या असतील तर पंखा हवा पुढे फेकतो, हेही सर्रास घडतं. पंखा चालू करून ग्रिलसमोर वर्तमानपत्राचा कागद धरा: आत खेचला गेला तर ठीक, बाहेर उडाला तर वायरी बदला. रेडिएटरच्या कडेच्या फटी फोमने बुजवा. हवा सोपी वाट शोधते आणि जाळीला बगल देऊन निघून जाते.

तांब्या-पितळेचा की अ‍ॅल्युमिनियमचा, यावर वाद घालण्यात फार अर्थ नाही. पहिल्याला झाळ मारता येते, दुसरा हलका असतो. मात्र इंजिनाची अर्थिंग कच्ची असेल तर अ‍ॅल्युमिनियमला भोकं पडतात. मल्टिमीटरची एक पिन कूलंटमध्ये, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावा, 0.3 व्होल्टच्या वर आकडा आला तर आधी अर्थिंग दुरुस्त करा.

रेडिएटरच्या झाकणाकडे कुणी बघत नाही. 0.9 बारच्या चांगल्या झाकणाखाली साधं पाणीसुद्धा 118 अंशांच्या आसपास उकळतं, रबर गेलं की 100 लाच. म्हणून झाकण खराब असेल तर बदला, पण थेट जास्त दाबाचं लावू नका, जुने होज (रबरी पाइप) फाटतील.

आणि "थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) काढून टाका" म्हणणाऱ्या मेस्त्रीला हात जोडा. एमपीएफआय इंजिन थंडच राहिलं तर ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, पेट्रोल जास्त सोडत राहतो.

नवा रेडिएटर बसवल्यावर गाडीचं तोंड चढावर ठेवा, हीटर पूर्ण गरमवर करा आणि कूलंट सावकाश भरत हवा काढा. झाकण उघडायचं ते इंजिन थंड असतानाच. दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी पुन्हा बघा. थंड इंजिन चालू केल्यावर उघड्या तोंडाशी बुडबुडे थांबतच नसतील, तर हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं सील) तपासून घ्या.