नागपूरहून पेंचला एका दिवसात जाताना या चुका टाळा

वाघांचे जंगल दोन तासांच्या आत गाठता येते, हे नागपूरकरांचे भाग्य आहे. परंतु या जवळिकीमुळेच पेंचच्या सहलीची तयारी सर्वांत निष्काळजीपणे होते. ताडोब्याला किंवा कान्ह्याला मुक्कामी जाणारी माणसे महिनाभर आधीपासून चौकशी करतात, आणि तीच माणसे पेंचला निघताना आदल्या रात्री दहा वाजता परमिट शोधू लागतात. गेटवर पहाटे जे वाद होतात, त्यांतील बहुतेकांचे मूळ आदल्या संध्याकाळी घरातच असते, असे माझे स्पष्ट मत आहे.

चुकीच्या गेटवर पोहोचणे

ही चूक सर्वांत महाग पडते आणि दर हंगामात पुन्हा पुन्हा घडते. पेंच नदीच्या खोऱ्यातील हे जंगल सलग असले, तरी त्याचा कारभार दोन राज्यांत विभागलेला आहे. महाराष्ट्राच्या बाजूला पंडित जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय उद्यान आहे, तर मध्य प्रदेशाच्या बाजूला इंदिरा प्रियदर्शिनी राष्ट्रीय उद्यान आहे. मध्य प्रदेशातील पेंच 1992 मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला आणि महाराष्ट्रातील 1999 मध्ये. दोन्हींची आरक्षणाची संकेतस्थळे वेगळी, शुल्क वेगळे, सुट्टीचे नियमही वेगळे. सिल्लारी, चोरबाहुली, खुर्सापार आणि कोलितमारा ही गेटे महाराष्ट्रात येतात; तुरिया, कर्माझिरी आणि जमतरा मध्य प्रदेशात येतात. एका राज्याचे परमिट दुसऱ्या राज्याच्या गेटवर चालत नाही, आणि तेथील कर्मचाऱ्याने कितीही मनात आणले तरी तो ते चालवून घेऊ शकत नाही.

डिसेंबरातील एका पहाटे सिल्लारीच्या गेटवर मी हे सारे डोळ्यांसमोर घडताना पाहिले. नागपूरचे सहा जणांचे कुटुंब वेळेच्या बरेच आधी येऊन रांगेत उभे होते. सोबत आजी होत्या, शालीवर शाल गुंडाळून बसलेल्या. परमिट पुण्याच्या भाच्याने काढून मोबाइलवर पाठवले होते आणि ते कोणीही उघडून वाचले नव्हते. खिडकीपाशी पोहोचल्यावर कळले की आरक्षण तुरिया गेटचे आहे. कुटुंबप्रमुखांनी आधी विनवणी केली, मग आवाज चढवला, मग कोणा अधिकाऱ्याची ओळख सांगितली. यात जवळजवळ वीस मिनिटे गेली. सिल्लारीहून तुरियाला जाण्यासाठी पुन्हा महामार्गावर यावे लागते, उत्तरेकडे सीमेपलीकडच्या खवासापर्यंत जावे लागते आणि तेथून आत वळावे लागते. पहिल्या मिनिटालाच ते वळले असते, तर उशिरा का होईना, सफारीचा काही भाग हाती लागण्याची आशा होती. वादातील वीस मिनिटांनी तीही संपली. सिल्लारीच्या त्या फेरीच्या सर्व जागा भरलेल्या होत्या, आणि आजींना रानगवा पाहण्याची इच्छा तशीच ठेवून परतावे लागले.

यावर माझी सवय अगदी साधी आहे. परमिट हातात आले की मी ते कागदावर छापून घेतो आणि राज्य, गेट, तारीख व फेरी सकाळची की दुपारची, या चार गोष्टींखाली पेनाने रेघ ओढतो. मग सहप्रवाशांपैकी दुसऱ्या कोणाला तरी ते मोठ्याने वाचायला सांगतो, कारण ज्याने आरक्षण केले त्याच्या डोळ्यांना स्वतःची चूक दिसत नाही. गाडीच्या चालकाला ‘पेंच’ असे सांगून भागत नाही. त्याला गेटचे नावच द्यावे. नकाशात शोधताना आणखी एक सापळा आहे. सिल्लारीकडे वळण्याचा फाटा ज्या पवनीपाशी आहे, ती रामटेक तालुक्यातील पवनी. भंडारा जिल्ह्यातील पवनी वेगळी. ती नागपूरच्या आग्नेयेला आहे आणि तिच्या बाजूला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याचे गेट आहे. नुसते ‘पवनी’ टाकून निघालेली गाडी विरुद्ध दिशेला गेल्याची उदाहरणे मला माहीत आहेत.

आणि चुकीच्या गेटवर पोहोचलातच, तर वाद घालू नये. त्याच ठिकाणी दुपारच्या फेरीत किंवा बफर क्षेत्रात (जंगलाच्या गाभ्याभोवतीच्या पट्ट्यात) जागा आहे का, एवढेच विचारावे. जागा नसेल आणि वेळ शिल्लक असेल, तर लगेच योग्य गेटकडे निघावे.

सुट्टीचा दिवस न पाहणे

पावसाळ्यात, 1 जुलैपासून 30 सप्टेंबरपर्यंत, कोअर क्षेत्र (जंगलाचा गाभा) बंद असते. मध्य प्रदेशच्या बाजूला बुधवारी दुपारची फेरी नसते. ताडोबा मंगळवारी बंद म्हणून पेंचही मंगळवारीच बंद, असे गृहीत धरणारे अनेक आहेत. ज्या गेटवर जायचे, त्याच गेटची माहिती पाहावी.

ओळखपत्र आणि ‘कोणीतरी ओळखीचा’

परमिटवर ज्या ओळखपत्राचा क्रमांक लिहिला आहे, तेच मूळ ओळखपत्र सोबत हवे. ऐन वेळी मावशींच्या जागी काकूंना नेता येत नाही. गेटवर ओळखीने जागा मिळते, या आशेवर लहान मुलांना पहाटे तीनला उठवून निघणे मला मुळीच पटत नाही. ज्यांना आरक्षणासाठी अर्धा तास बसण्याचा कंटाळा येतो, त्यांनी त्या कंटाळ्याची किंमत मुलांकडून वसूल करू नये.

एका दिवसात सारे उरकणे

सकाळची सफारी, मग रामटेकचा गड, खिंडसीला नौकाविहार, वाटेत सावजीचे जेवण आणि परत दुपारची सफारी, असा बेत आखलेला मी वारंवार ऐकतो. कागदावर अंतरे लहान दिसतात म्हणून हे शक्य वाटते. प्रत्यक्षात सकाळची फेरी संपून दुपारची सुरू होईपर्यंत मध्ये तीन-चार तासच मिळतात, आणि तेवढा वेळ जेवण व विश्रांती यांतच जायला हवा. पहाटे नागपूरहून गाडी चालवत आलेल्या माणसाला संध्याकाळी अंधारात ट्रकांच्या रांगेतून पुन्हा कामठीपर्यंत गाडी न्यायची असते, हे बेत आखणारा विसरतो. एका दिवसासाठी एकच सफारी घ्यावी, असे मी सांगतो. हिवाळ्यात दुपारची घ्यावी, म्हणजे धुक्यात गाडी चालवण्याची वेळ येत नाही. उन्हाळ्यात सकाळची घ्यावी. रामटेक पाहायचेच असेल तर हिवाळ्यातील दुपारच्या फेरीआधी सकाळी निवांत पाहून घ्यावे, कारण मनसरचा फाटा वाटेवरच आहे.

कपडे, रोकड, खाणे

डिसेंबर-जानेवारीत विदर्भातील पारा दहा अंशांखाली उतरतो आणि सफारीच्या उघड्या जीपमध्ये, म्हणजे जिप्सीत, वारा थेट छातीवर येतो, म्हणून कानटोपी आणि जाड जाकीट हवेच. लाल, पिवळे आणि पांढरे कपडे घरी ठेवावेत. गेटजवळ नेटवर्कचा भरवसा नसतो, त्यामुळे जिप्सी आणि गाइड यांच्या शुल्काइतकी रोकड जवळ असावी. खाणे आधीच उरकावे. जिप्सीत चिवड्याची पुडी फोडणाऱ्यांना मी स्पष्टपणे थांबवतो.

चालकामागे घाई लावणे

गाडी निघून दहा मिनिटे होत नाहीत तोच पाठीमागून सूचना सुरू होतात: त्या गाडीला वाघ दिसला, तिकडे घ्या, पुढे काढा, अजून थोडे जवळ न्या. वर जादा पैशांचे आमिष दाखवले जाते. या चुकीबद्दल मला सर्वाधिक चीड आहे, कारण बाकीच्या चुकांत नुकसान पर्यटकाचे होते आणि या चुकीत ते जनावराचे होते. 2024 च्या अखेरच्या दिवशी उमरेड-पवनी-कऱ्हांडल्यात जिप्सींनी एफ-2 या वाघिणीची आणि तिच्या पाच बछड्यांची वाट दोन्ही बाजूंनी अडवली. त्या प्रकरणी गाइड आणि चालकांवर निलंबनाची कारवाई झाली आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून त्याची दखल घेतली. कारवाई झाली ती गावातील तरुणांवर. ‘अजून जवळ’ म्हणणारे पर्यटक मात्र आपापल्या घरी गेले. त्या तरुणांची चूक मी नाकारत नाही, परंतु त्यांच्या पोटावर पाय येतो तेव्हा त्यात आपल्या हट्टाचाही वाटा असतो, हे जिप्सीत बसणाऱ्या प्रत्येकाने जाणून घ्यावे असे मला मनापासून वाटते.

फेरी सुरू होताच मी गाइडला सांगतो की वाघ दिसलाच पाहिजे असा आमचा आग्रह नाही. तुम्हाला जिथे थांबावेसे वाटेल तिथे थांबा. एवढे वाक्य ऐकल्यावर माणूस मोकळा होतो आणि फेरीचे स्वरूपच बदलते. पाणवठ्यापाशी इंजिन बंद करून वीस मिनिटे बसले, की वानराने झाडाच्या शेंड्यावरून दिलेला कॉल (धोक्याचा इशारा) आणि त्यापाठोपाठ चितळाने दिलेला कॉल यांतील क्रम कळू लागतो, आणि अनुभवी गाइड त्यावरूनच शिकारी प्राणी कोणत्या नाल्यातून सरकतो आहे याचा अंदाज बांधतो. धावणाऱ्या जिप्सीत यातले काहीच ऐकू येत नाही. रानकुत्र्यांची टोळी, सागाच्या रानात उभे असलेले कुलूचे पांढुरके झाड, तोतलाडोह जलाशयाच्या काठावरचे पक्षी हे सारे घाईतल्या माणसाच्या नजरेतून निसटते.

परतताना महामार्गावर थांबणे

मनसर ते खवासा या पट्ट्यात राष्ट्रीय महामार्ग 44 जंगलातून जातो. वन्यप्राण्यांना रस्त्याखालून जाता यावे म्हणून तेथे उन्नत मार्ग बांधले आहेत, आणि त्यांच्याखालून वाघ ये-जा करत असल्याचे कॅमेऱ्यांनी टिपले आहे. संध्याकाळी याच ठिकाणी गाडी कडेला लावून खाली डोकावणारे लोक भरधाव ट्रकांच्या वाटेत उभे असतात, आणि त्यांच्या आवाजाने खालची वाटही अडते. या टप्प्यात मी गाडी कोठेही उभी करत नाही. चहासाठी थांबायचे ते मनसरला, आणि तेथून पुढे दुसऱ्या माणसाने गाडी चालवायची, हे सकाळी निघतानाच ठरवून ठेवावे.