विद्यापीठाच्या लायब्ररीत पुस्तक कसं शोधायचं आणि घरी कसं आणायचं (नाशिकच्या मुलांसाठी)

माझी भाची निफाडहून रोज अप-डाऊन करते, अर्थशास्त्रात एमए चालू आहे, प्रोजेक्ट घेतलाय द्राक्ष निर्यातीवर. मागच्या महिन्यात लायब्ररीतून हात हलवत परत आली, म्हणाली मावशी, द्राक्षावर एक पण पुस्तक नाहीये तिथे. मी म्हटलं नाशिकात राहून द्राक्षावर पुस्तक मिळत नाही म्हणजे काय, चल मी येते. गेलो, बघितलं, तर तिने कॉम्प्युटरवर फक्त 'द्राक्ष' एवढं एकदा टाकलेलं आणि काही आलं नाही म्हणून उठलेली. आम्ही 'द्राक्षे' टाकलं, 'द्राक्षशेती' टाकलं, मग 'व्हिटिकल्चर' इंग्रजी अक्षरांत टाकलं आणि तेव्हा कुठे यादी उघडली. दोन तासांनी तीन पुस्तकं घेऊन बाहेर पडलो.

गावाकडून पहिल्यांदा शिकायला आलेली मुलं एकदा 'नाही' ऐकलं की परत त्या दारात जात नाहीत, आणि मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण पुस्तक बऱ्याचदा तिथेच चार रॅक पलीकडे असतं. म्हणून सगळं क्रमाने लिहिते.

आधी तुमची लायब्ररी कुठली ते बघा

नाशिकमधली बरीचशी आर्ट्स, सायन्स, कॉमर्सची कॉलेजं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला जोडलेली आहेत, म्हणजे तुमच्या विद्यापीठाची मुख्य लायब्ररी पुण्यात, जयकर ग्रंथालय, आणि रोजची लायब्ररी म्हणजे तुमच्या कॉलेजची. गंगापूर धरणाच्या बाजूला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे, १९८९ चं, आणि दिंडोरी रोडला म्हसरूळला आरोग्य विज्ञान विद्यापीठ, १९९८ चं. दोन्हींचं काम राज्यभर चालतं, त्यामुळे मेडिकलच्या मुलाला लागणारं पुस्तक पण आधी स्वतःच्या कॉलेजातच बघायचं असतं. मुक्त विद्यापीठाचे विद्यार्थी असाल तर अभ्यासपुस्तकं मिळतातच, बरीचशी वेबसाइटवर ई-बुक म्हणून पण आहेत, त्याशिवाय ज्या कॉलेजात तुमचं अभ्यासकेंद्र आहे तिथल्या लायब्ररीत बसून वाचू देतात का ते पहिल्याच आठवड्यात विचारून ठेवा.

साधा नियम असा, घरी पुस्तक न्यायला तुमचं नाव त्या लायब्ररीच्या रजिस्टरला असायला लागतं, बसून वाचायला मात्र बाहेरच्यांना पण बऱ्याच ठिकाणी परवानगी मिळते, पत्र असलं की.

कार्ड काढून घ्या, परीक्षेची वाट बघू नका

ॲडमिशन झाल्या झाल्या फी पावती, आयकार्ड आणि दोन फोटो घेऊन जा. काही ठिकाणी आयकार्डवरच बारकोड असतो, काही ठिकाणी अजून बीटी म्हणजे बॉरोअर्स टिकीट देतात, जितकी टिकिटं तितकी पुस्तकं. तेव्हाच तीन गोष्टी विचारा आणि लिहून ठेवा, एका वेळी किती पुस्तकं, किती दिवसांसाठी, आणि उशीर झाला तर दिवसाला किती दंड. या तिन्ही गोष्टी प्रत्येक लायब्ररीत वेगळ्या असतात, आणि युजी पीजी पीएचडी प्रमाणे पण बदलतात, तेव्हा मैत्रिणीच्या कॉलेजात काय चालतं त्यावर जाऊ नका. बुक बँक योजना आहे का ते पण विचारा, त्यात क्रमिक पुस्तकं पूर्ण सेमिस्टरसाठी मिळतात.

ओपॅकवर शोधणं, इथेच सगळी मेख आहे

आत गेल्यावर दाराशी सही, बॅग बाहेर, वही-पेन-मोबाइल-पैसे सोबत. मग कॉम्प्युटर, त्यावर लायब्ररीतल्या पुस्तकांची यादी असते, तिला ओपॅक म्हणतात. सॉफ्टवेअर कुठे कोहा असतं, कुठे सोल, कुठे स्लिम, दिसायला वेगळं पण वापरायला सारखंच. बऱ्याच ठिकाणचं ओपॅक घरून मोबाइलवर पण उघडतं, मग बसमध्ये बसूनच शोधून ठेवायचं, सीबीएसला उतरेपर्यंत यादी तयार.

मराठी पुस्तक शोधताना एक लक्षात ठेवा, यादीत नाव कुणीतरी टाईप केलेलं आहे आणि ते कसं केलं असेल ते आपल्याला माहीत नसतं. ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं असू शकतं, जुन्या नोंदी इंग्रजी अक्षरांत असू शकतात. म्हणून पूर्ण नाव टाकायचंच नाही, नावातला एखादाच शब्द टाकायचा जो चुकायची शक्यता कमी, आणि नाही आलं तर तोच इंग्रजी अक्षरांत.

लेखकाचं नाव टाकताना आडनाव आधी. आणि टोपणनाव असेल तर दोन्ही. आपल्या नाशिकचंच उदाहरण घ्या ना, कवितांवर कुसुमाग्रज आणि नाटकांवर वि. वा. शिरवाडकर, माणूस एकच. काही लायब्ऱ्या दोन्ही नावं एकमेकांना जोडून ठेवतात, काही नाही, तर एकाच नावाने शोधणाऱ्याला निम्मी पुस्तकं दिसणारच नाहीत.

विषयाने शोधत असाल तर एका शब्दावर थांबू नका. भाचीच्या प्रोजेक्टला द्राक्ष लागवडीचं पुस्तक लागत होतं, शेतमालाच्या अर्थकारणाचं लागत होतं आणि वाइनवर पण एक प्रकरण होतं. ड्यूई पद्धतीत, म्हणजे १८७६ सालापासून चालत आलेली ती आकड्यांची पद्धत, आपल्याकडे खूप ठिकाणी तीच आहे, त्यात द्राक्ष लागवड ६३४.८ ला, वाइन ६६३.२ ला आणि शेतमालाचं अर्थकारण ३३८.१ ला. म्हणजे एका विषयासाठी तीन वेगळ्या रॅकपाशी जायचं. ती ६३४ पाशीच उभी राहिली असती तर तिला अर्थशास्त्राचं एक पण पुस्तक दिसलं नसतं.

पुस्तक सापडलं की चार गोष्टी लिहून घ्या, नाव, लेखक, वर्गांक म्हणजे तो ड्यूईचा आकडा, आणि दाखल क्रमांक. दाखल क्रमांक प्रत्येक प्रतीचा वेगळा असतो, एकाच पुस्तकाच्या पाच प्रती असतील तर पाच नंबर. शेजारी स्टेटस दिसतं, प्रत आत आहे, बाहेर गेलीय की फक्त संदर्भासाठी आहे, ते पण बघा.

रॅकपर्यंत

काही लायब्ऱ्या मुक्तद्वार असतात, आपण आत जाऊन रॅकवरून घ्यायचं. काही ठिकाणी मागणी चिठ्ठी भरून काउंटरला द्यायची आणि आतून कर्मचारी पुस्तक आणून देतात, तिथे वर्गांक आणि दाखल क्रमांक नीट अक्षरात लिहिला तरच पुस्तक येईल.

आत जायला मिळत असेल तर पुस्तकाच्या पाठीवरची चिठ्ठी वाचायला शिका, दोन मिनिटांचं काम आहे. वरती आकडा, खाली लेखकाच्या आडनावाची अक्षरं. आकड्यातल्या टिंबानंतरचा भाग दशांश म्हणून वाचायचा, इथे जवळजवळ सगळेच चुकतात. ६३४.११ आधी येतं आणि ६३४.८ नंतर, कारण टिंबानंतर पहिला आकडा १ आहे आणि इकडे ८. भाची अकरा हा आठपेक्षा मोठा म्हणून ६३४.८ हे ६३४.११ च्या आधी असेल असं समजून तिथेच शोधत बसलेली, तिथे सगळी सफरचंदांची पुस्तकं! थोडी पुढे सरकली आणि द्राक्षाची रांग लागली.

आणि रॅकपाशी गेलात की हवं ते एकच काढून पळू नका, डावीकडची दहा आणि उजवीकडची दहा पुस्तकं चाळा, अनुक्रमणिका बघा. एका विषयाची पुस्तकं शेजारी शेजारी यावीत म्हणून तर हे आकडे दिलेले असतात. मला माझ्या एमएच्या वेळची सगळ्यात उपयोगाची दोन पुस्तकं अशीच शेजारून मिळाली, त्यांची नावं मला आधी माहीत पण नव्हती.

'नाही' म्हणजे नक्की काय ते विचारा

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. 'नाही' या एका शब्दाचे लायब्ररीत पाच-सहा अर्थ असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा. कुणाच्या तरी नावावर गेलंय, मग परत यायची तारीख विचारा आणि क्लेम लावा, पुस्तक आलं की आधी तुम्हाला मिळतं. बाईंडिंगला गेलंय, मग कधी येईल विचारा आणि दुसरी आवृत्ती आहे का बघा. नवीन आलंय पण नोंद व्हायचीय, मग ग्रंथपालांना विनंती केली तर काही जण नोंद लवकर करून देतात. संदर्भ विभागात आहे, म्हणजे घरी मिळणार नाही पण आत्ता बसून वाचता येईल. जागेवर नाही, म्हणजे कुणीतरी चुकीच्या रॅकवर ठेवलंय, तेव्हा आधी रीडिंग रूममधल्या टेबलांवर आणि परत आलेल्या पुस्तकांच्या ट्रॉलीवर बघा, निम्म्या वेळा तिथेच सापडतं. आणि खरंच लायब्ररीत नाहीच, तर नवीन पुस्तकाच्या मागणीचा फॉर्म असतो तो भरा, तुमच्या विषयाच्या सरांची सही घेतली तर जास्त बरं.

विचारायला लाजू नका. आपल्या देशात ग्रंथालयशास्त्र उभं केलं त्या रंगनाथन यांनी १९३१ साली पाच नियम मांडले, त्यातला चौथा वाचकाचा वेळ वाचवण्याबद्दलच आहे. ग्रंथपाल तेच शिकून आलेले असतात, नीट विचारलं की बहुतेक जण खुर्चीतून उठून सोबत येतात. फक्त 'द्राक्षावर काहीतरी द्या' असं नको, 'द्राक्ष निर्यातीचे आकडे आणि बाजारभाव यावर हवंय' असं सांगा.

काउंटरला, पुस्तक नावावर करताना

देवघेव काउंटरला पुस्तक देण्याआधी उभ्या उभ्या सगळी पानं एकदा फिरवा. फाटलेलं, कापलेलं, पेनाने रंगवलेलं काही दिसलं तर तेव्हाच दाखवा आणि त्यावर लिहून घ्या. मी एका लायब्ररीत हे केलं नव्हतं आणि मधली आठ पानं आधीच कुणी कापून नेलेली, ती भरपाई माझ्याकडून घेतली, महिन्याच्या पासचे पैसे गेले त्यात. तारीखपट्टीवर शिक्का बसला की मोबाइलमध्ये दोन दिवस आधीचा रिमाइंडर लावा. अजून हवं असेल तर तारखेच्या आधी रिन्यू, कुठे ऑनलाइन होतं, कुठे पुस्तक घेऊन जावं लागतं, आणि दुसऱ्याने क्लेम लावलेला असेल तर होत नाही. परत करताना नावावरून कमी झालं ना ते स्क्रीनवर बघूनच काउंटर सोडा.

जे घरी मिळत नाही त्याचं काय

कोश, गॅझेटियर, जुनी नियतकालिकं, प्रबंध हे सगळं आतच वाचायचं. नाशिक जिल्ह्यावर काहीही लिहायचं असेल तर १८८३ चं नाशिकचं गॅझेटियर एकदा हातात घ्याच, इंग्रजीत आहे, पण गावं, पिकं, बाजार, देवळं सगळं त्यात आहे, आणि सरकारच्या गॅझेटियर विभागाने ऑनलाइन पण टाकलंय. लागतील तेवढीच पानं झेरॉक्स करा, अख्खं पुस्तक करायला जाऊ नका, ते कायद्यात बसत नाही.

प्रबंधांसाठी शोधगंगा, देशभरच्या विद्यापीठांतले पीएचडीचे प्रबंध फुकट वाचायला मिळतात. माझा सल्ला, प्रबंधाची शेवटची संदर्भसूची आधी उघडा, तुमच्या विषयावरची पुस्तकांची यादी आयती मिळते, मग त्यातली नावं ओपॅकवर टाका. पुस्तकांसाठी नॅशनल डिजिटल लायब्ररी आहे, आयआयटी खरगपूरने उभी केलेली. आणि महागडी इंग्रजी जर्नल्स, १ जानेवारी २०२५ पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन सुरू झालंय, सरकारी विद्यापीठं आणि संस्थांतल्या विद्यार्थ्यांना त्यातून वाचता येतात. तुमचं कॉलेज त्यात बसतं का, नसेल तर एन-लिस्ट, म्हणजे कॉलेजांसाठीची ई-जर्नल आणि ई-पुस्तकांची योजना, आहे का, आणि घरून लॉगिन कसं करायचं, हे ग्रंथपालांना विचारा, पासवर्ड त्यांच्याकडूनच मिळतो.

तरीही एखादं पुस्तक राहिलंच तर तुमच्या ग्रंथपालांकडून पत्र घ्या. ते पत्र आणि आयकार्ड घेऊन दुसऱ्या कॉलेजच्या लायब्ररीत किंवा पुण्याला जयकरमध्ये जायचं, पण आधी फोन करून बाहेरच्यांसाठी वेळ आणि फी विचारून घ्या, दोनशे किलोमीटर जाऊन दार बंद असायला नको. लायब्ऱ्यांनी आपसात पुस्तकं मागवायची सोय पण असते, डेलनेट नावाच्या लायब्ऱ्यांच्या जाळ्यासारखी, तुमचं कॉलेज सभासद असेल तर पुस्तकच इकडे येतं. आणि जुन्या मराठी पुस्तकांसाठी टिळक पथावरचं सार्वजनिक वाचनालय विसरू नका, १८४० चं आहे ते, वर्गणी भरून कुणीही सभासद होतं, विद्यार्थीच असायला हवं असं नाही. भाचीला तिथलं पण कार्ड काढून दिलंय.

पुस्तक हरवलं तर लगेच जाऊन सांगा, कारण न सांगता बसलात तर किंमत आणि दंड दोन्ही वाढत राहतं. बहुतेक ठिकाणी त्याच पुस्तकाची नवीन प्रत आणून दिली तर चालते, आवृत्ती कुठली चालेल ते आधी विचारा. शेवटच्या वर्षाला नो ड्यूज, म्हणजे काही देणं बाकी नाही असा दाखला, लागतो, त्याशिवाय मार्कशीट, टीसी अडकते, म्हणून परीक्षा संपायच्या आधीच सगळी पुस्तकं जमा करा आणि पहिल्या वर्षी भरलेल्या अनामत रकमेची पावती सोबत न्या, ती रक्कम परत मिळते पण मागितल्याशिवाय कुणी देत नाही.