शेजारच्या आजींसोबत फिनलंडची मॅच कशी बघायची

मे महिना लागला की आमच्या पाळणाघरातली मुलं छातीवर सिंह असलेले निळे-पांढरे शर्ट घालून यायला लागतात. आइस हॉकीची जागतिक स्पर्धा मे महिन्यात असते. असे शर्ट दिसले की समजायचं, आज फिनलंडची मॅच आहे. फिनलंडमधल्या आमच्या ताम्पेरे शहरात नव्याने आलेल्या मराठी मंडळींना मी पहिल्यांदा हेच सांगते: लिफ्टमध्ये, बसस्टॉपवर, ऑफिसात कुणाच्या अंगावर तो सिंह दिसला तर विचारा, "आज कुणाशी?" जो शेजारी दोन वर्षं नुसती मान हलवून पुढे जात होता, तो थांबून उत्तर देईल. माझ्या शेजारच्या आजी अशाच थांबल्या. २०२२ चा मे होता, स्पर्धा आमच्याच गावात होती आणि त्या रविवारी फायनल होती. "कॅनडाशी," त्या म्हणाल्या, आणि जरा वेळाने, "एकटी बघणार असशील तर माझ्याकडे ये. कॉफी आहे."

इथे लहानथोर सगळे एकमेकांना नावानेच हाक मारतात. मी मात्र मनात त्यांना आजीच म्हणते, म्हणून इथेही आजीच लिहिते.

मी कोल्हापूरची. शाहू स्टेडियमवर पेठापेठांचा फुटबॉल बघत वाढले. पाटाकडील आणि प्रॅक्टिस हे तिथले दोन संघ समोरासमोर आले की जो ओरडत नाही, त्याला आमच्याकडे कुणी समर्थक मानत नाही. त्यामुळे आजींच्या हॉलमधली पहिली वीस मिनिटं मला फार अवघड गेली. आम्ही पाच माणसं, समोर टीव्ही, आणि आवाज फक्त समालोचकाचा. यांना काही देणंघेणं नाही असंच मला वाटलं. मग माझं लक्ष आजींच्या हातांकडे गेलं. सोफ्यावरची उशी त्यांनी इतकी आवळून धरली होती की बोटांची पेरं पांढरी पडली होती. तेव्हापासून फिनिश माणसांसोबत मॅच बघताना मी आधी हात बघते. तुम्हीही बघा. इथला प्रेक्षक गप्प असतो तेव्हा तो खेळात सगळ्यात जास्त बुडालेला असतो, आणि अशा वेळी त्याला "काय झालं हो?" असं विचारणं म्हणजे आरती चालू असताना फोनवर बोलणं.

म्हणून थोडे नियम घरूनच शिकून जा. एका बाजूला पाच खेळाडू आणि एक गोलकीपर. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग. खेळ थांबला की घड्याळही थांबतं. खेळाडू पाऊण-एक मिनिट जीव तोडून स्केटिंग करतात आणि खेळ चालू असतानाच कठड्यावरून उडी मारून बदलतात. ही गडबड नाही, ठरलेली पद्धत आहे. ज्याच्याकडे पक आहे त्याला अंगाने धडक देणं नियमात बसतं. काठीने पाय अडवणं किंवा समोरच्याला ओढणं बसत नाही. तसं केलं की खेळाडू दोन मिनिटं बाहेर बसतो आणि त्याचा संघ एक माणूस कमी घेऊन खेळतो. समोरच्या संघाला मिळालेल्या या संधीला पॉवर प्ले म्हणतात. क्रिकेटमधला पॉवर प्ले तेवढ्यापुरता विसरा. बाहेर बसण्याच्या शिक्षेला इथे 'याह्यू' म्हणतात. थंड होण्यावरून आलेला शब्द आहे. आपल्या माणसाला याह्यू झाली की खोलीत कुणी बोलत नाही, आणि ती दोन मिनिटं गोल न खाता संपली की हलक्या टाळ्या पडतात. त्या टाळ्यांत सामील व्हा. गोलला तर कुणीही टाळ्या वाजवतं, पण इथे वाजवलीत तर तुम्हाला खेळ कळतो हे सगळ्यांना कळेल.

पक म्हणजे काळी रबरी चकती, तळहातावर मावेल एवढी. टीव्हीवर सुरुवातीला ती दिसतच नाही. तिच्यामागे डोळे पळवू नका. गोलकीपरचं तोंड कुणीकडे आहे ते बघा, पक तिकडेच असते.

बोलायला चार शब्द पुरतात. 'ह्युवा सुओमी' म्हणजे शाब्बास फिनलंड, ते केव्हाही चालतं. 'लेइयोनात' म्हणजे सिंह, संघाचं लाडकं नाव. 'व्होइ एइ' म्हणजे अरेरे. आणि 'नो नीन'. हा शब्द आपल्या 'बरं'सारखा आहे: सुरात सगळा अर्थ. मॅच सुरू होताना 'नो नीन', गोल हुकला की लांबवलेलं 'नो नीइइन', गोल झाला की तोडून म्हटलेलं 'नो नीन!' मला हा सूर पकडायला दोन स्पर्धा गेल्या, पण पकडल्यावर आजींनी माझ्याकडे बघून मान डोलावली, तो क्षण मी जपून ठेवलाय.

जाताना हातात काहीतरी घेऊन जा. बूट दारातच काढा, ते आपल्याला सांगावं लागत नाही. यजमानांकडे भाजलेलं सॉसेज आणि मोहरीची चटणी असते, मध्यंतरात कॉफी आणि वेलदोडा घातलेला गोड पाव असतो. वेलदोड्याच्या वासाने मला दर वेळी घर आठवतं. मी बाकरवडी नेते. कांदा-लसणाची चटणी नेऊ नका, पहिल्या भेटीला ती झेपत नाही. मध्यंतरं दोन असतात आणि खरं बोलणं तेव्हाच होतं. खेळ चालू असताना पोटात दाबलेलं सगळं त्या पंधरा मिनिटांत बाहेर येतं. "भारतात आइस हॉकी खेळतात का?" हा प्रश्न मध्यंतरातच येतो. लडाखबद्दल सांगा. गोठलेल्या तळ्यांवर खेळून तयार झालेल्या मुलींच्या आपल्या संघाने २०२५ मध्ये संयुक्त अरब अमिरातीत आशिया चषकाचं कांस्यपदक जिंकलं. हे ऐकून आजींनी मला नकाशावर लडाख दाखवायला लावलं.

काय बोलू नये हेही माहीत हवं. स्वीडनविरुद्ध मॅच असेल तर २००३ चा विषय काढू नका. हेलसिंकीत, स्वतःच्या घरी, उपांत्यपूर्व फेरीत फिनलंड ५-१ असा पुढे होता आणि ६-५ ने हरला. वीस वर्षांहून जास्त काळ लोटला, पण हा आकडा ऐकला की इथली माणसं अजून खिडकीबाहेर बघतात. फिनलंड १८०९ पर्यंत स्वीडनच्या राज्याचा भाग होता, त्यामुळे या मॅचमध्ये मोठ्या भावाशी असलेला जुना हिशेबही खेळत असतो. विषय काढायचाच असेल तर १९९५ चा काढा. फिनलंडचं पहिलं जागतिक सुवर्णपदक, तेही स्टॉकहोममध्ये, स्वीडनला ४-१ ने हरवून. विले पेल्तोनेनचे तीन गोल, चौथा कर्णधार तिमो युतिलाचा, आणि युतिला आमच्या ताम्पेरेचा. पेल्तोनेन, साकू कोइवू आणि येरे लेह्तिनेन या तिघांच्या फळीला लोक डोनाल्ड डकच्या तीन पुतण्यांच्या नावाने ओळखतात. प्रशिक्षक कुर्त लिंडस्ट्रोम मात्र स्वीडिश होते. आणि स्वीडनने आपल्या संघासाठी केलेलं गाणं विजयानंतर फिनिश लोकांनी उचललं, ते अजून गातात, स्वीडिश शब्दांसकट. समालोचक अंतेरो मेर्तारांता यांचं "इहानाआ, लेइयोनात, इहानाआ" म्हणजे "सुंदर, सिंहांनो, सुंदर" हे वाक्य तर आमच्या पाळणाघरात तेव्हा न जन्मलेली मुलंही म्हणतात.

आपल्याला जवळची एक तारीख सांगते. २०११ च्या एप्रिलमध्ये वानखेडेवर धोनीने षटकार मारला, त्यानंतर सहा आठवड्यांनी, १५ मे रोजी, फिनलंडने ब्रातिस्लाव्हात दुसरं सुवर्ण जिंकलं. फायनलमध्ये पुन्हा स्वीडनच, ६-१. त्याआधी रशियाविरुद्धच्या उपांत्य सामन्यात मिकाएल ग्रानलुंडने पक काठीच्या पात्यावर उचलून हवेतून जाळ्यात ठेवली. त्या गोलचं टपाल तिकीट निघालं. आजींकडे ते फ्रेममध्ये आहे. मी त्यांना वानखेडेची रात्र सांगितली, त्यांनी मला ही सांगितली. त्यानंतर आम्हाला एकमेकींना काही समजावून सांगावं लागलं नाही.

खेळाडूंची टोपणनावं विचारून घ्या, लोक आनंदाने सांगतात. मला सगळ्यात आवडतं 'म्योर्को', म्हणजे बागुलबुवा. हा मार्को अंतिला, दोन मीटरहून उंच. २०१९ मध्ये त्याने रशियाविरुद्ध उपांत्य सामन्यातला एकमेव गोल केला आणि फायनलमध्ये कॅनडाविरुद्ध दोन. आणि सुवर्णचषकाला इथे 'पोइका' म्हणतात, म्हणजे पोरगा. जिंकलं की म्हणतात पोरगा घरी आला. हे मी कोल्हापुरात फोनवर आईला सांगितलं तेव्हा तिचा आवाज भरून आला. कप घरी येणं वेगळं, पोरगा घरी येणं वेगळं.

गावातले भांडणारे लोक या दिवसांत एकत्र येतात, तेही ओळखायला शिका. ताम्पेरेत दोन क्लब आहेत, ताप्पारा आणि इल्वेस. दोघे एकाच नोकिया अरीनात खेळतात, आणि वर्षभर एका घरातल्या दोन भावांत यावरून अबोला असू शकतो. मे महिन्यात दोघांच्याही अंगावर एकच सिंह. मी पेठेतली, मला हे लगेच कळलं.

आता २०२२ ची ती रात्र, कारण शेवटची मिनिटं कशी काढायची हे त्याशिवाय सांगता येणार नाही. कॅनडाने पहिला गोल केला. तिसऱ्या भागात ग्रानलुंडने पॉवर प्लेवर दोन गोल केले, मग योएल आर्मियाने तिसरा. ३-१. माझ्या तोंडून "जिंकलो!" निघालं आणि कुणीच माझ्याकडे बघितलं नाही. मोठी चूक होती ती. घड्याळ शून्यावर आल्याशिवाय इथे तो शब्द उच्चारायचा नसतो. पिछाडीवरचा संघ शेवटी गोलकीपर काढून सहावा खेळाडू आणतो, आणि त्या मिनिटांत काहीही होतं. कॅनडाने तेच केलं आणि मिनिटभरात दोन गोल चढवले. ३-३. आजी उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि नळ सोडून नुसत्या उभ्या राहिल्या. अशा वेळी मागे जाऊ नका, धीर देऊ नका. त्या आपल्या आपण परत येतात.

जादा वेळेत दोन्हीकडे तीन-तीनच खेळाडू असतात आणि जो गोल करील तो जिंकतो. बर्फ एकदम रिकामं दिसतं, प्रत्येक धाव थेट गोलवर जाते. कॅनडाच्या एकाला याह्यू झाली. पॉवर प्लेवर साकारी मान्निनेनने पक आत घातली, आणि त्या गप्प खोलीतून जो आवाज निघाला तो मी शाहू स्टेडियमवरही ऐकला नव्हता. आजींनी उशी छताकडे फेकली. त्यांचा मुलगा गुडघ्यांवर बसून रडत होता. फिनलंडला मायदेशात पहिल्यांदाच सुवर्ण, आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत बीजिंगला ऑलिंपिक सुवर्णही, दोन्ही वेळा प्रशिक्षक युक्का यालोनेन.

टीव्ही लगेच बंद करू नका. दोन्ही संघ रांगेत उभे राहतात, जिंकलेल्या देशाचा झेंडा वर जातो, त्यांचं राष्ट्रगीत वाजतं, आणि हरलेलेही शेवटपर्यंत थांबतात. गट साखळीतल्या साध्या मॅचलाही हेच होतं. आपणही उभं राहावं.

मग एकच शब्द: 'तोरिल्ले!' म्हणजे चौकात चला. हेलसिंकीत लोक बाजार चौकात १९०८ च्या हाविस अमांडा पुतळ्याच्या कारंज्यापाशी जमतात. जा, नाचा, अनोळखी माणसं मिठी मारतील, तुम्हीही मारा. पण पुतळ्यावर चढू नका. जल्लोषात त्याची मोडतोड झाली आहे आणि तो दुरुस्तीला न्यावा लागला होता. आम्ही ताम्पेरेतच चालत निघालो. अकरा वाजून गेले होते तरी आकाशात उजेड होता, आणि आजींनी माझा हात घट्ट धरला होता.

हरल्यावर काय करायचं हे २०२३ ने शिकवलं. पुन्हा ताम्पेरे, पुन्हा कॅनडा, उपांत्यपूर्व सामना, १-४. "चांगलं खेळले" असं म्हणू नका. कप गोळा करा, विसळा, आणि निघताना "एन्सि वुओन्ना" म्हणा: पुढच्या वर्षी. बस. तीन दिवसांनी आजींनीच मला पुन्हा बोलावलं, कांस्यपदकाच्या मॅचला. लाटव्हिया विरुद्ध अमेरिका. लाटव्हियाने स्वीडनला बाहेर काढलं होतं, त्यामुळे आजींची बाजू ठरलेली होती. गर्द लाल शर्ट घातलेल्या लाटव्हियन लोकांनी अरीना भरलं होतं. जादा वेळेत क्रिस्तियान्स रुबिन्सने गोल केला, ४-३, लाटव्हियाचं पहिलंवहिलं पदक. त्या रात्रीच त्यांची संसद भरली आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या देशाला सुट्टी दिली. सकाळी कामाला निघताना आजी दारात भेटल्या. "त्यांना आज सुट्टी आहे," त्या म्हणाल्या, आणि दोघी हसत जिना उतरलो.