काचेचे मणी बनवताय? मग थंड करण्यावर जास्त लक्ष द्या

टॉर्चच्या ज्योतीवर काचेची कांडी वितळवून सळईवर मणी वळायला हात बसतो हो, पण तो नंतर तडकू नये यात खरी मेहनत आहे. म्हणून काच घेतानाच बघा, सगळ्या कांड्यांचा सीओई सारखा हवा, म्हणजे काच तापल्यावर किती प्रसरण पावते तो आकडा. मऊ काच म्हणजे कमी तापमानाला वितळणारी, ती बऱ्याचदा १०४ ची असते, बोरोसिलिकेट ही कडक काच ३३ ची, आणि या दोन्ही एकाच मण्यात घातल्या तर तो फुटणारच, कितीही निगुतीनं करा.

स्टीलच्या सळईला म्हणजे मँड्रेलला बीड रिलीजचा लेप लावून पूर्ण वाळू द्या, नाहीतर मणी निघत नाही. एग्झॉस्ट चालू, केस बांधलेले, अंगावर सुती कपडे. आणि डिडिमियमचा चष्मा हवाच, कारण तापलेल्या काचेतल्या सोडियममुळे ज्योत पिवळी भगभगते आणि आतलं काहीच दिसत नाही, साध्या गॉगलनं ते भागत नाही.

कांडी एकदम ज्योतीत घालू नका, टोकाचे तुकडे उडतात. लांबून फिरवत फिरवत आत आणा. टोकाला गोळा जमला आणि सळईवरचा लेप लालसर झाला की काच सळईला टेकवा आणि सळई फिरवा, काचेचा हात जागेवरच ठेवायचा. फिरवणं थांबलं की काच मधासारखी खाली ओघळते, मणी एका बाजूला जड होतो. भोकाजवळच्या कडा आत वळून खळगी पडली पाहिजे, टोकदार राहिल्या तर पुढे दोरा कापतात.

लाली गेली, आकार धरला की मणी लगेच भट्टीत. मऊ काचेला साधारण ५१० ते ५२० डिग्री सेल्सियस, लहान मण्यांना अर्धा-एक तास, मोठ्यांना जास्त, आणि मग हळूहळू उतरवायचं. व्हर्मिक्युलाइट म्हणजे उष्णता धरून ठेवणाऱ्या हलक्या खनिज दाण्यांमध्ये पुरून ठेवलं की झालं असं बरेच जण सांगतात, पण त्यानं फक्त थंड व्हायला वेळ लागतो, आतला ताण जात नाही, असे मणी कधीकधी महिन्यांनी आपोआप फुटतात. विकायचे किंवा कुणाला द्यायचे असतील तर भट्टीशिवाय नकोच.

गार झाल्यावर पाण्यात भिजवून मणी सोडवा आणि भोकातला उरलेला लेप डायमंड रीमरनं, म्हणजे भोक घासायच्या बारीक कानशीनं, ओलाच घासून काढा, लेपाची कोरडी धूळ छातीत जाता कामा नये.

ओवायला नायलॉन कोटिंगची वायर घ्या, काच जड असते. दोन मोठ्या मण्यांमध्ये एक बारीक मणी टाका म्हणजे ते एकमेकांवर आपटत नाहीत, आणि क्रिंप म्हणजे वायरचं टोक पकडून ठेवणारा धातूचा छोटा मणी दाबल्यावर वायर जोरात ओढून बघा, सरकली तर क्रिंप कापून नवीन लावा.