सॅक्सोफोनची पॅड्स घरी बदलताय? या चुका टाळा

खालचा सी वाजवताना सॅक्सोफोन गुळण्या करायला लागला की आपण आधी रीडला (तोंडाशी थरथरणाऱ्या वेताच्या पट्टीला) दोष देतो, मग स्वतःच्या फुंकेला. मी दोन महिने रीडच बदलत होतो. शेवटी लग्नाच्या बँडमध्ये उभं आयुष्य काढलेल्या एका मास्तरांनी माझा आल्टो सॅक्सोफोन हातात घेतला, जी शार्पचं पॅड नखाने टोकरलं आणि म्हणाले, "हवा इथून पळतेय. तू फुंकून करणार काय?"

ते एक पॅड मी तीन वेळा बदललं. पहिल्या दोन खेपांना जे चुकलं, तेच बहुतेकांचं चुकतं.

सगळी पॅड्स एकदम उपटू नका

आल्टोला 25च्या आसपास पॅड्स असतात. नळीवरची भोकं तीच बंद करतात. प्रत्येक पॅड म्हणजे पुठ्ठ्याची चकती, तिच्यावर फेल्ट, त्यावर ताणलेलं पातळ चामडं आणि मधोमध रेझोनेटरचं, म्हणजे आवाज परतवणारं, बटण. यांतली खरोखर निकामी सहसा दोन-चारच असतात. हौसेने अख्खा सेट मागवून एका रविवारात सगळं खोलणारा माणूस पुढचे सहा रविवार वाद्याविना काढतो.

गळती आधी शोधा. सॅक्सोफोनवर खालच्या सुरांकडे जाताना वरची भोकं एकेक करून बंद होत जातात. त्यामुळे वरचं एक पॅड गळत असेल तर त्याच्या खालचे सगळेच सूर बिघडतात. बी, ए, जी, एफ असे दबक्या आवाजात उतरत या. ज्या सुरापासून वाद्य जड वाटू लागतं, तिथे नव्याने बंद झालेल्या झाकणावर आणि त्याच्यासोबत बंद होणाऱ्या जोडीदारावर संशय घ्या.

मग दिवे बंद करून नळीत उजेड सोडा. यासाठी वेगळं उपकरण लागत नाही. दिवाळीतली बॅटरीवरची एलईडी माळ माशांच्या टाकीच्या पारदर्शक नळीत घालायची आणि ती नळी वाद्यात सरकवायची. की (झाकण हलवणारी कळ) अगदी हलक्या बोटाने बंद करा. जोर लावलात तर गळकं पॅडही बंद दिसतं आणि आपण स्वतःलाच फसवतो.

माप जुन्या पॅडचं नव्हे, कपाचं

जुनं पॅड फुगलेलं, दबलेलं असतं. ते मोजून मागवलेलं नवं पॅड कपात, म्हणजे कीच्या झाकणाच्या वाटीत, कोंबावं लागतं आणि त्याचं चामडं सुरकुततं. पॅड काढून, जुना चिकटा साफ करून कपाचा आतला व्यास व्हर्निअरने मोजा. पॅड्सची मापं साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या टप्प्यात येतात, त्यामुळे शाळेची पट्टी इथे चालत नाही. साधा व्हर्निअर मुंबईत नागदेवी स्ट्रीटला मिळतो.

जाडीकडे मात्र कोणी बघत नाही, आणि खरी मेख तिथेच आहे. की बिजागरीवर फिरते. पॅड जाड असेल किंवा कपात जास्त वर बसलं असेल, तर ते बिजागरीच्या बाजूला आधी टेकतं आणि पुढून उजेड दिसतो. पातळ असेल किंवा खोल गेलं असेल, तर पुढे आधी टेकतं आणि मागून गळतं. ही एक खूण पक्की ध्यानात ठेवली, की पॅड उचलायचं की दाबायचं हे माळेचा उजेडच सांगतो.

गोंद

माझी पहिली खेप: झटपट पकडणाऱ्या गोंदाचे दोन थेंब. पॅड चिकटलं, पण तिरकं, आणि कायमचं. काढताना फाटलं.

दुसरी खेप: सुताराकडून आणलेलं पॉलिश. लाखच वापरतात ना, मग ही लाखच की! पण ती स्पिरिटमध्ये विरघळवलेली. पॅडखाली कोंडलेलं स्पिरिट धड वाळेना आणि पॅड दोन दिवस डुलत राहिलं.

हवा असतो तो कोरडा चपडा, म्हणजे सुकी लाख, रंगाच्या दुकानात मिळतो तो. गंमत बघा, अडॉल्फ सॅक्स यांनी 1846 साली पॅरिसमध्ये पेटंट घेतलेल्या या वाद्याची पॅड्स धरून ठेवणारी लाख आपल्याकडच्या पळस-कुसुमाच्या झाडांवरचे किडे बनवतात. लाख गरम केली की मऊ होते, गार झाली की घट्ट, आणि हे कितीही वेळा करता येतं. हातात गुण नसलेल्या आपल्यासारख्यांना तर हीच सोय हवी. ग्लू गनची कांडीही चालते. मात्र पॅडच्या पाठीवर थर सगळीकडे सारखा हवा. मधोमध एक ठिपका ठेवलात तर पॅड झुलतं.

मास्तर मला म्हणाले होते, "पॅड चिकटवायचं नसतं, बसवायचं असतं." म्हणजे असं: की वाद्यावर परत लावायची, कपाला बाहेरून ऊब द्यायची, लाख सैल झाली की पातळ, गुळगुळीत पत्र्याने पॅड जिथे हवं तिथे किंचित उचलायचं, हलकेच बंद करायचं, गार होऊ द्यायचं, उजेडात बघायचं. पुन्हा तेच. एका पॅडला माझा पाऊण तास जातो. रबरबँडने करकचून आवळून रात्रभर ठेवण्याचा शॉर्टकट मीही केलाय. चामड्यावर खोल वळ उठतो, दोन दिवस सगळं ठीक वाटतं आणि मग गळती परत येते.

आच देताना पंखा बंद ठेवा, नाहीतर ज्योत भलतीकडे झुकते. लहान गॅस टॉर्च सतत फिरता ठेवा. एका जागी थांबलात तर लॅकर (पितळावरचा चकचकीत थर) करपतं. कीवरचे बोट टेकवायचे मोती प्लास्टिकचे असतील तर वितळतात, शेजारचा कॉर्क जळतो. मेणबत्ती तर नकोच, काजळी धरते.

पॅड निर्दोष, तरी सूर गळतो

नवं पॅड आलं की कींमधल्या जुन्या कॉर्कच्या तुकड्यांचा हिशेब बदलतो, कारण बऱ्याच की एकमेकींना दाबतात. खालचा बी किंवा बी फ्लॅट दाबताना जी शार्पची कीही उचलली जाऊ पाहते. तिला खाली धरून ठेवतो एफ शार्पच्या कपाशी जोडलेला छोटा स्क्रू. तो सैल असेल तर तुम्ही खालची पॅड्स बदलत बसाल आणि दोष वरच राहील. परीक्षा सोपी आहे: एफ वाजवत असताना जी शार्पची की दाबा. आवाज बदलला, तर स्क्रू जरासा आवळा. जरासाच, कारण जास्त आवळला तर एफ शार्पचं झाकण उघडं राहतं.

किरकोळ, पण रडवणाऱ्या गोष्टी

रॉड आणि स्क्रू थर्माकोलवर काढलेल्या क्रमाने टोचून ठेवा. दिसायला सारखे असले तरी ते एकमेकांच्या जागी बसतीलच असं नाही. सुईसारख्या स्प्रिंग बोटात घुसतात, आणि मुंबईच्या हवेत गंजलेली स्प्रिंग हात लागताच तुटते. जुलैत हे काम काढूच नका. फेल्ट आणि चामडं दमट हवा पितात, आणि तेव्हा नीट बसलेलं पॅड ऑक्टोबरात तसंच राहील याचा भरवसा नाही. पावसाळ्यात जी शार्पचं पॅड चिकटत असेल तर ते बदलू नका. पॅडखाली पातळ कागद धरून की हलकेच दाबा, ओल टिपून घ्या. पावडर मारू नका, तिचा लगदा होतो.

टोन होलची, म्हणजे पॅडखालच्या भोकाची, कड वाकडी असेल किंवा रॉड वाकला असेल, तर कानस हातात घेऊ नका. घासलेलं पितळ परत येत नाही. माझ्या आल्टोच्या ई फ्लॅटच्या भोकाची कड अशीच एका बाजूला बसली आहे. ते काम मी मास्तरांसाठी राखून ठेवलंय, लग्नसराई संपेपर्यंत.